घरची शिवण, लेखांक 14 : नाडीचे भोक

नाडी नेफ्यातून बाहेर काढण्याच्या दोन रीती आहेत. परकराला (चेन्नईत त्याला सर्रास ‘इनस्कर्ट’ म्हणतात) बाजूला चीर असते, नेफ्याची दोन्ही तोंडे त्या चिरेपाशी उघडी राहतात आणि भोकाचा प्रश्नच उद्भवत नाही. पण पायजमा, मुलांची चड्डी किंवा चिरेवाचून शिवलेली लहान मुलीची पावाडै, म्हणजे तमिळ घरांतला पायघोळ घागरा, यांत नेफा सलग बंद असतो आणि नाडीसाठी कापडाच्या दर्शनी थरातच वाट करावी लागते. नाडीची निवड या लेखांकात यायची होती, ती पुढील आठवड्यावर जात आहे, कारण चेन्नईच्या एका वाचक भगिनींनी विचारलेला प्रश्न या वाटेचाच आहे. त्यांनी सुती पावाडैला धातूच्या कड्या ठोकून घेतल्या, पावसाळा सरताना कड्यांभोवती तांबूस डाग उमटले आणि एक कडी निखळली. आता काय करावे?

डागांचे कारण सरळ आहे. चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या काळात दोन-तीन थरांचा नेफा दिवसदिवस ओलसर राहतो, हवेत समुद्राचे आणि कापडात घामाचे मीठ असते, आणि मुलामा दिलेली लोखंडी कडी अशा ठिकाणी गंजल्याशिवाय राहत नाही. (पितळी कडी तांबूस नव्हे, हिरवट डाग पाडते.) गंजाचा डाग लिंबाचा रस व मीठ लावून बराच फिका होतो, क्लोरीनचे ब्लीच मात्र त्यावर कधीही घालू नये, कारण त्याने तो अधिक पक्का होतो आणि लोहाच्या सान्निध्यात सुती धागाही कमजोर पडतो. कडी निखळण्याचे कारण वेगळे आहे. तिच्यासाठी कापडाचे धागे छेदावे लागतात आणि नंतर ती केवळ दाबावर उभी असते. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या कड्या प्रचारात आल्या त्या कॉर्सेटसारख्या जाड, अनेकपदरी कपड्यांत. पातळ पॉपलिनमध्ये किंवा मलमलीत त्यांना धरायला पुरेसे कापडच सापडत नाही.

त्यापूर्वी दोरीची भोके शतकानुशतके सुईदोऱ्यानेच होत असत, आणि घरच्या कपड्याला आजही तीच रीत योग्य आहे. तिचे मर्म एवढेच की भोक कापायचे नाही, टोचायचे. गोल, निमुळती आरी विणीतून घातली की उभे-आडवे धागे न तुटता बाजूला सरकतात, भोकाभोवती त्यांची दाटी होते आणि त्या दाटीवरच पुढचे टाके तोलले जातात. चांभाराची धारदार आरी येथे चालत नाही. गोल आरी नसली तर स्वेटरच्या सुया बऱ्या, आधी बारीक आणि मग जुन्या क्रमांकाची आठ नंबरची, म्हणजे 4 मिलिमीटर जाडीची.

भोके नेफा दुमडण्यापूर्वी करावीत, म्हणजे ती एकाच थराला पडतात. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच सोडून खुणा कराव्यात आणि आतून त्याच कापडाचा चौकोनी तुकडा लावावा; अनेकांना हा तुकडा अनावश्यक वाटतो, पण भोक ओघळते ते बहुधा त्याच्या अभावी. खुणेभोवती बारीक धावदोऱ्याचे वर्तुळ घालून मगच टोचावे. भरतकामाच्या सहापदरी दोऱ्याचे दोन पदर घेऊन त्यांना मेण लावावे, सुई वर्तुळाबाहेरून वर काढून भोकात खाली न्यावी आणि प्रत्येक टाक्याला दोरा बाहेरच्या दिशेने ओढावा, म्हणजे काठ दोऱ्यात गुंडाळला जातो आणि भोक उघडे राहते. काजाचा टाका येथे टाळलेला बरा, कारण त्याची गाठींची कड आत आली तर नाडीला घासते. चतुर्थांश फेरा झाला की आरी पुन्हा घालावी, एकदा सुलट्या व एकदा उलट्या बाजूने; हा कंटाळवाणा भाग गाळला की भोक अंडाकृती होते.

रेशमी पावाडैची गोष्ट निराळी, कारण जरीची तार टोचताना सरकत नाही, मोडते. तिथे भोक काठापासून दूर साध्या रेशमात घ्यावे. चपटी, अर्धा इंच रुंदीची सुती नाडीही गोल भोकात चुरगळते, म्हणून तिच्यासाठी उभे काज आणि गोल दोरीसाठी गोल भोक, अशी विभागणी ठेवावी.

मुलांच्या कपड्यांत आणखी एक पथ्य आहे. परदेशी जाणाऱ्या बालवस्त्रांना, आणि तिरुप्पूरहून ती मोठ्या संख्येने जातात, अमेरिकेत 1996 पासून एक सूचना लागू आहे, जरी ती जॅकेटसारख्या वरच्या कपड्यांपुरती आहे: कपडा पूर्ण ताणलेला असताना कमरेची नाडी बाहेर 3 इंचांहून अधिक लोंबू नये, आणि अखंड नाडी नेफ्याला टाक्यांनी पक्की केलेली असावी, म्हणजे ती कोठे अडकण्याचा धोका कमी होतो. घरच्या शिवणीतही हे पाळावे. मात्र चेन्नईच्या पावसात नाडी ओढून वेगळी वाळवता आली नाही तर नेफ्यात बुरशी धरते, तेव्हा नाडी पक्की करणारे हे टाके हाताने, सहज उसवता येतील असे घालावेत आणि पाऊस सरल्यावर नाडी ओवून पुन्हा घालावेत.