अवसाद व व्यायामोपचार

अवसाद (नैराश्य) या मनोविकारात मन दीर्घकाळ खिन्न राहते, झोप व भूक बिघडते आणि कशातच रस वाटेनासा होतो. औषधे व मानसोपचार यांप्रमाणेच नियमित व्यायाम हाही या विकारावरील एक उपाय होय. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लूमेंथल व त्यांचे सहकारी यांनी याविषयी केलेला प्रयोग (१९९९) प्रसिद्ध आहे. त्यात ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या १५६ रुग्णांचे तीन गट पाडण्यात आले. एका गटास सर्ट्रालीन हे औषध, दुसऱ्यास देखरेखीखाली आठवड्यातून तीनदा व्यायाम आणि तिसऱ्यास दोन्ही देण्यात आले. औषधाचा गुण आरंभी लवकर दिसला. परंतु १६ आठवड्यांनंतर तिन्ही गटांतील सुधारणा जवळजवळ सारखीच आढळली. तथापि २००७ मधील त्यांच्या दुसऱ्या प्रयोगात औषधहीन गोळी घेणारेही काही रुग्ण बरे झाले. त्यामुळे सुधारणेचे सर्व श्रेय व्यायामास किंवा औषधास देता येत नाही.

मेंदूतील रासायनिक बदल, सुधारलेली झोप व वाढलेला आत्मविश्वास ही व्यायामाच्या परिणामाची संभाव्य कारणे मानली जातात. मात्र व्यायामास लागणारा उत्साहच या विकारात हरपतो. त्यामुळे नुसता उपदेश निष्फळ ठरतो व रुग्णास अपराधी वाटू लागते. थोडे अंतर चालण्यापासून प्रारंभ, ठरलेली वेळ आणि कोणाची तरी सोबत यांमुळे सातत्य टिकण्यास मदत होते. अवसाद तीव्र असल्यास किंवा आत्महत्येचे विचार येत असल्यास केवळ व्यायामावर विसंबू नये. मनोविकारतज्ञाचे उपचार तत्काळ घ्यावेत. चालू असलेले औषधही परस्पर बंद करू नये.