सामने संपले, तरी झोप का येईना?

पावसाळ्याच्या तोंडी एक दुकानदार दवाखान्यात आले. वय पंचेचाळीसच्या आसपास. म्हणाले, "डॉक्टर, रात्री एक वाजेपर्यंत झोप येत नाही. संध्याकाळी करमत नाही. दुकानात लक्ष लागत नाही. एकदा रक्त तपासून टाका." तपासले. साखर, रक्तदाब ठीक निघाला. वजन मात्र तीन किलोने वाढले होते. बोलता बोलता कळले, की आयपीएलचा एकही सामना त्यांनी चुकवला नव्हता. अंतिम सामना झाला आणि हा त्रास जाणवू लागला.

वाचकहो, ही तक्रार हसण्यावारी नेऊ नये. रात्रीचा सामना साडेसातला सुरू होतो आणि साडेअकराच्या सुमारास संपतो. दोन महिने जेवण टीव्हीसमोर, दहा वाजता चहा, सोबत शेव-चिवडा आणि सामन्यानंतर मोबाईलवर चर्चा. आपल्या शरीरात एक घड्याळ असते. ते उजेड, जेवण आणि झोप यांच्या ठरलेल्या वेळांवर चालते. सामने संपतात, पण हे घड्याळ लगेच मागे येत नाही.

दुसरे कारण मनाचे. रोजची उत्सुकता आणि रोजची चार मित्रांची बैठक एकदम थांबते. पाहुणे गेल्यावर लग्नघर भकास वाटते, तसेच हे आहे. हा आजार नव्हे. अमेरिकेत बेसबॉलचा मोसम संपला की मार्चअखेरपर्यंत सामने नसतात. तिकडचे शौकीन पूर्वी थंडीत शेगडीभोवती बसून खेळाडूंच्या गप्पा मारीत. त्या गप्पांना शेगडीवरूनच नाव पडले. आपल्याकडे शेगडी नसली, तरी गावोगाव पार आहे.

ही पोकळी कशाने भरतो, याला महत्त्व आहे. कुणी रात्रभर मोबाईलवर जुने सामने पाहतो, कुणी पैसे लावण्याच्या नादी लागतो. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. पण चोरवाटेने लागलेला नाद झोप आणि घर, दोन्ही घालवतो.

मग काय करावे?

१) सकाळी उठण्याची वेळ पक्की करावी, रात्री कितीही उशीर झाला तरी. उठल्यावर थोडा वेळ उजेडात फिरावे.

२) झोपण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे आणावी. मोबाईल उशाशी ठेवू नये. संध्याकाळनंतर चहा टाळावा.

३) सामन्याची वेळ रिकामी ठेवू नये. त्याच मित्रांना घेऊन रोज अर्धा तास भरभर चालावे. आठवड्यातून पाच दिवस पुरेत. मधुमेह, हृदयविकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

४) रात्रीचे जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी उरकावे.

दोन आठवड्यांनंतरही मन उदास राहिले, भूक मेली, जगणे नकोसे वाटू लागले, तर तो खेळाचा विरह समजू नये. डॉक्टरांकडे जावे. टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते.

खेळाची आवड मात्र सोडू नये. बीडला जन्मलेले संजय बांगर ऑगस्ट २००२ मध्ये लीड्स कसोटीत सलामीला उतरले. ढगाळ हवेत त्यांनी सोसून सोसून ६८ धावा केल्या. राहुल द्रविडबरोबर १७० धावांची भागी रचली आणि भारत तो सामना डावाने जिंकला. चालता चालता अशा आठवणी निघाल्या, तर अर्धा तास कसा सरला हे कळतही नाही.

ते दुकानदार महिन्याभराने पुन्हा आले. झोप साडेदहावर आली होती. सोबत फिरणारे दोघे मित्रही वजन करून घ्यायला आले होते.