चैत्रांतील पन्हाळा–पावनखिंडीची वाट

शके १५८२ च्या आषाढांत, म्हणजे इ. स. १६६० च्या जुलै महिन्यांत, शिवाजीमहाराज ज्या वाटेनें पन्हाळ्याच्या वेढ्यांतून विशाळगडाकडे निघाले, ती वाट कोल्हापूरकरांस बहुधा पावसांतलीच माहीत असते. दर वर्षीं पावसाळ्यांत तरुणांचे जथे चिखल तुडवीत पावनखिंडीपर्यंत जातात. परंतु मुलें मोकळीं होतात तीं परीक्षा संपल्यावर, चैत्र वद्यांत. तेव्हां गेल्या वर्षीं आम्ही घरांतील सातजणांनीं, थोरल्या वहिनींचा विरोध असतांहि, चैत्रांतच हा बेत केला.

पुसाटी बुरुजाकडून पहांटे उतरलों तेव्हां वारा गार होता. म्हाळुंग्याच्या बाजूस अंजनीचीं झाडें निळ्याजांभळ्या फुलांनीं डंवरलेलीं होतीं. करवंदीच्या जाळ्या हिरव्या फळांनीं भरल्या होत्या. पावसाळ्यांत धुक्यामुळें यांतलें कांहींच दिसत नाहीं. येथवर वहिनींचें म्हणणें चुकलें असें आम्हांस वाटूं लागलें होतें.

म्हसाई पठारावर तें बरोबर ठरलें. हें पठार जांभ्या दगडाचें. भाद्रपदांत त्यावर फुलांचे गालिचे पसरतात व खळग्यांतून पाणी असतें. चैत्रांत तेथें वाळलेलें गवत आणि तापलेला कातळ, याखेरीज कांहीं नाहीं. सावली म्हणाल तर एका देवीच्या देवळाची. ऊन वरून लागतें त्याहून अधिक खालून लागतें, हें पुस्तकांत वाचून समजत नाहीं. दहाच्या सुमारास आमच्या चौदा वर्षांच्या पुतण्याचें डोकें दुखूं लागलें. साडेदहास त्यास ओकारी झाली. प्रत्येकीं दोन लिटर पाणी घेतलें होतें, तें संपत आलें होतें. त्यास देवळाच्या सावलींत निजवून मानेवर व काखेंत ओलीं फडकीं ठेवलीं, आणि उरलेल्या पाण्यांत मीठ-साखर घालून घोंटघोंट पाजलें.

दोघे पाण्याच्या शोधांत निघाले. एका धनगरवाड्यावरील बाईंनीं त्यांस भरली कळशी दिली. ती कळशी त्यांनीं किती दुरून आणली होती हें आम्हांस मागाहून कळलें. पैसे मात्र त्यांनीं घेतले नाहींत. पोर सावरलें, तरीहि धाकटे बंधु पुढें जाण्याचाच आग्रह धरून बसले. मुलाच्या वडिलांनीं एक शब्दहि न बोलतां पिशव्या उचलल्या व परतीची वाट धरली. आम्ही त्यांच्या मागें गेलों. घरीं वहिनीहि कांहीं बोलल्या नाहींत, हें त्यांच्या बोलण्याहून जड गेलें.

उन्हाखेरीज या दिवसांत आणखी भय वळिवाचें. दुपारीं पश्चिमेकडे ढग जमूं लागले कीं उघड्या पठारावर थांबूं नये. तेथें वीज पडण्यास माणसाहून उंच दुसरें कांहीं नसतें. कडेकपारींत आग्या मोहोळें असतात, त्यांखालीं धूर किंवा गोंगाट करूं नये. आणि चहासाठीं चूल पेटविण्याची हौस तर घरींच ठेवून यावें, कारण एका ठिणगीनें डोंगरच्या डोंगर वणव्यांत जातो. जुलै २०२५ मध्यें पन्हाळा जागतिक वारशाच्या यादींत गेला असल्यानें यापुढें या वाटेवर पावलें वाढतील, तेव्हां हें स्पष्टच लिहिलेलें बरें.

पावनखिंड आम्ही पुढें मोटारीनें जाऊन पाहिली. प्रयाग चिखलीस इतर नद्यांस मिळून जी पंचगंगा होते, त्यांपैकीं कासारीचा उगम याच बाजूस. चैत्रांत तेथें पाण्याची बारीकशी धार होती. पुतण्या तिच्यांत पाय सोडून बराच वेळ बसला.

यंदा पुन्हा जावयाचें ठरलें आहे, पण मार्गशीर्षांत. त्यास अवकाश असला तरी पुतण्यानें आपलें नांव सर्वांआधीं लिहून ठेवलें आहे. वाटेंत त्या धनगरवाड्यावर थांबावयाचें आहेच. बाईंसाठीं काय न्यावें यावर मात्र घरांत अद्याप एकमत झालेलें नाहीं. वहिनी म्हणतात लुगडें, आणि आम्हांस वाटतें, एक मोठें झांकणाचें पिंप.