भाता आधी, बोटे मागाहून

ॲकॉर्डियन म्हटले की ऑर्केस्ट्रातला, गळ्यात वाद्य अडकवून हसतमुखाने उभा असलेला वादक डोळ्यांपुढे येतो. गुडी सिरवाई, पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांच्यासारख्या वादकांमुळे हिंदी चित्रपटगीतांतून हे वाद्य आपल्या घरोघरी पोचले. पण ते वाजविताना शरीराला किती कष्ट पडतात, हे ऐकणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. वादक मोठ्या दुखण्यातून उठून ते पुन्हा हाती घेतो, तेव्हा मात्र सारे उघडे पडते.

या वाद्याचे पेटंट सिरिल डेमियन याने १८२९ साली व्हिएन्नात घेतले. आपली बाजाची पेटी आणि ॲकॉर्डियन ही तशी चुलत भावंडे. पेटीतले सूर पितळेचे, इथले पोलादी. दोन्ही हवेच्या झोताने थरथरून बोलतात. फरक आहे तो भात्याचा. पेटी जमिनीवर बसते, तिचे ओझे वादकावर नसते. शिवाय तिच्या पोटात दुसरा भाता असतो. बाहेरच्या भात्याने भरलेली हवा तो साठवतो आणि स्प्रिंगच्या दाबाने सुरांना पुरवतो. त्यामुळे हात जरा चुकला तरी तो सांभाळून घेतो. ॲकॉर्डियनला हा साठा नाही. भाता उघडताना आणि मिटताना डावा हात जो जोर लावील, तोच सुराचा जोर. हात थरथरला की सूर थरथरला. त्यात १२० बटनांचे पूर्ण आकाराचे वाद्य सुमारे दहा-अकरा किलोचे.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात, विशेषतः सिंहगड रस्त्याच्या परिसरात, गिलाँ-बारे सिंड्रोम म्हणजेच जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढले. बाधितांची व संशयितांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली. त्यांतला एक मी. कॅम्पिलोबॅक्टर नावाच्या जंतूने पोट बिघडते, शरीर त्याच्याशी लढायला उठते आणि त्या धांदलीत स्वतःच्याच मज्जातंतूंच्या आवरणावर तुटून पडते. अशक्तपणा बहुधा पायांपासून वर चढतो. काहींचे श्वासाचे स्नायूही थकतात व त्यांना कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा लागतो. माझे तेवढ्यावर गेले नाही; पण एस. वाय.चे वर्ष गेले, आणि हातात पाण्याचा पेला धरवेना.

परत येणारी शक्ती सामान्यतः उलट्या क्रमाने येते: धडाजवळचे स्नायू आधी, बोटे सर्वांत मागून. तंतूचे नुसते आवरण गेले असेल तर ते लवकर भरून येते. आतला तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. वाचकांनी स्वतःच्या कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर मोजून पाहावे, म्हणजे हिशेब कळेल. माझ्या बाबतीत चारशेहून अधिक दिवस निघाले!

तेव्हा खांदा आला होता आणि बोटे नव्हती. सतार किंवा तबला असता तर वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. ॲकॉर्डियनला मात्र डाव्या अंगठ्याशी हवेचे एक बटन असते. ते दाबले की भाता आवाज न करता उघडतो, मिटतो. अंगठ्यात जोर नव्हता म्हणून धाकट्या बहिणीने त्या बटनावर रुमालाची घडी ठेवून वरून नाडी बांधून दिली. वाद्यही छोटे, उसने आणलेले, ४८ बटनांचे. खुर्चीवर बसून त्याचा भार डाव्या मांडीवर घ्यायचा आणि नुसता भाता चालवायचा. दीड महिना आमच्या घरात सूर नव्हता; होता फक्त फुस्स, फुस्स असा आवाज. आजीला तो माझ्याच छातीचा वाटे.

त्यानंतर एकच पट्टी दाबून धरणे. दहा अंक मोजेपर्यंत सूर सरळ राहिला पाहिजे. फिजिओथेरपिस्टच्या वहीपेक्षा ही परीक्षा मला अधिक कडक वाटली, कारण कानाला सबब चालत नाही. आपल्याकडे रियाज म्हणजे घाम निघेपर्यंत, अशी समजूत आहे. या आजारात ती चक्क घातक. सावरत असलेल्या स्नायूला दमवले की दुसऱ्या दिवशी तो मागे जातो. म्हणून दहा मिनिटे वाजवायचे, वीस मिनिटे पडायचे. आणि मजेत असतानाच थांबायचे, हे तर सर्वांत अवघड.

खरी पंचाईत डाव्या हाताच्या बटनांची. ती वादकाला दिसत नाहीत; चाचपून शोधावी लागतात. त्यासाठी ‘सी’च्या, म्हणजे आपल्या पांढरी एकच्या, बटनावर एक खळगा असतो. माझ्या बोटांच्या टोकांना बधिरता होती, खळगा लागेना. शेवटी सायकलच्या पंक्चरला लावतात त्या रबराचा इवलासा तुकडा तिथे चिकटवला. दिसायला गबाळे, पण त्या खुणेवरून बाकीची बटने सापडू लागली.

अमेरिकेतील लुइझियानाचा क्लिफ्टन शेनिए (१९२५–१९८७) हा झायडेको संगीताचा राजा समजला जाई. मधुमेहाने त्याच्या पायाचा काही भाग कापावा लागला, मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिस सुरू झाले, तरी तो वाजवीत राहिला. १९८४ साली त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले ते या दुखण्याच्या काळातच. त्याच्याशी माझी तुलना नाही. मला कुतूहल एवढेच, की डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी तो भाता किती उघडत असेल?

माझे मोठे वाद्य मात्र वर्षभर पेटीत पडून आजारी झाले. पावसाळ्याने भात्याला बुरशी आली, आतल्या कातडी झडपा वाकल्या, दोन सूर गप्प झाले. दुरुस्तीहून ते आता परत आले आहे. मी सध्या छोट्या वाद्यावर बसून चाळीस मिनिटे वाजवतो. डावी करंगळी अजून उशिरा पोचते. मोठे उचलायला डॉक्टरांनी अद्याप होकार दिलेला नाही. तोवर त्यावर बहीण शिकते आहे.