‘४के’ म्हणजे नेमके किती? चित्रपट-कॅमेऱ्यांची क्षमता आणि मर्यादा

चित्रपटांच्या जाहिरातींत हल्ली ‘४के’ हा शब्द सर्रास आढळतो. अंक जितका मोठा, तितके चित्र सुस्पष्ट, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात चित्राची सुस्पष्टता केवळ कॅमेऱ्याच्या सेन्सरवर ठरत नाही. सेन्सरने टिपलेले चित्र कोणत्या स्वरूपात साठवले जाते, यावरही ती तितकीच अवलंबून असते.

‘के’ हे अक्षर हजाराचे निदर्शक असून ते चित्राच्या रुंदीतील बिंदूंची, म्हणजेच पिक्सेलची, संख्या दर्शवते. हॉलिवूडमधील प्रमुख स्टुडिओंनी २००२ मध्ये स्थापन केलेल्या ‘डिजिटल सिनेमा इनिशिएटिव्हज’ या संस्थेने २००५ मध्ये चित्रपटगृहांसाठी मानके जाहीर केली. त्यांनुसार २के चित्राची चौकट २०४८ × १०८०, तर ४के चित्राची ४०९६ × २१६० पिक्सेलची असते. घरगुती ‘४के’ दूरचित्रवाणी संचाची रुंदी मात्र ३८४० पिक्सेल असते.

साठवणुकीची अडचण साध्या हिशेबाने ध्यानात येते. ४केच्या एका चौकटीत सुमारे ८८ लाख पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलसाठी १२ बिट आणि सेकंदाला २४ चौकटी धरल्यास, तासाभराच्या चित्रीकरणाला सुमारे १.१५ टेराबाइट जागा लागते. म्हणूनच बहुतेक कॅमेरे माहितीचे कमी-अधिक प्रमाणात संकोचन करतात, आणि त्यात काही तपशील गळून पडतो.

जॉर्ज लुकास यांचा ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील २००२ चा चित्रपट ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’ हे याचे ठळक उदाहरण होय. तो सोनीच्या एचडीकॅम पद्धतीच्या डिजिटल कॅमेऱ्यांनी चित्रित झाला. या पद्धतीत कॅमेरा १९२० पिक्सेल रुंदीचे चित्र घेत असला, तरी टेपवर प्रकाशाची माहिती १४४० आणि रंगाची अवघी ४८० बिंदूंइतकीच नोंदवली जाई. शिवाय रुंद पडद्यासाठी चौकट वरून-खालून कापल्यावर १०८० पैकी सुमारे ८०० ओळीच उरत.

पुढे ‘रॉ’ पद्धत रूढ झाली. आजच्या बहुतेक सिने-कॅमेऱ्यांत प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग टिपला जातो. उरलेले दोन शेजारच्या पिक्सेलवरून गणिताने काढले जातात. त्यामुळे ४के सेन्सरमधून मिळणारा खरा तपशील ४केपेक्षा काहीसा कमीच असतो. रॉ पद्धतीत हे गणित चित्रीकरणानंतर संगणकावर केले जाते. २००७ मध्ये बाजारात आलेल्या ‘रेड वन’ या कॅमेऱ्याने ४के रॉ चित्रीकरण तुलनेने कमी खर्चात उपलब्ध करून दिले.

तथापि, पिक्सेलची संख्या हेच सर्वस्व नव्हे. मुंबईच्या गल्लीबोळांत मोठ्या प्रमाणावर ‘एसआय-२के’ या लहानशा २के कॅमेऱ्याने चित्रित झालेल्या ‘स्लमडॉग मिलियनेअर’ला २००९ मध्ये छायाचित्रणाचे ऑस्कर मिळाले. ‘स्कायफॉल’ (२०१२) ज्या ‘अ‍ॅरी अ‍ॅलेक्सा’ मालिकेतील कॅमेऱ्यांवर चित्रित झाला, त्यांची कमाल क्षमता सुमारे २.८के होती. गडद सावली आणि प्रखर उजेड एकाच चौकटीत सांभाळण्याची त्यांची हातोटी छायाचित्रकारांना अधिक मोलाची वाटली.

खरा प्रश्न जतनाचा आहे. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ (१९५५) या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनमधील आगीत होरपळली. तरीही त्यातील वाचलेल्या भागाचे आणि अन्य प्रतींचे नव्याने स्कॅनिंग करून २०१५ मध्ये तो ४के स्वरूपात प्रेक्षकांसमोर आला. फिल्मच्या पट्टीत दडलेला तपशील साठ वर्षांनी पुन्हा वाचता आला. डिजिटल चित्रीकरणाला ही सोय नाही. त्याची नोंद ज्या मर्यादेत झाली, ती मर्यादा कायमची ठरते. संगणक रिकाम्या जागा भरू शकतो. पण तो अंदाज असतो, नोंद नव्हे. त्यामुळे चित्रीकरणाआधी स्वरूप निवडताना आजच्या पडद्याबरोबरच उद्याच्या संग्रहालयाचाही विचार करावा लागतो.