किलो वाढले, कॅल्शियम घटलं

माशांचा दरडोई खप वाढल्याची आकडेवारी आली, की पोषणही सुधारलं असं आपण धरून चालतो. बांगलादेशात नेमकं उलट घडलं. तिथल्या घरोघरच्या पाहण्यांनुसार १९९१ ते २०१० या काळात मासे खाण्याचं प्रमाण ३० टक्क्यांनी वाढलं, पण माशांतून मिळणारं लोह आणि कॅल्शियम घटलं!

कारण ताटातला मासाच बदलला. खेड्यात पावसाळ्यात शेतं पाण्याखाली गेली, की मोला, पुंटी असे बोटाएवढे मासे घरच्याच जाळ्यात येत आणि डोक्या-काट्यासकट कालवणात पडत. आता गावात काय नि शहरात काय, बाजारात तळ्यातले रोहू, पंगास, तिलापिया मिळतात. त्यांच्या तुकड्यांतलं मांस आपण खातो आणि काटा ताटाबाहेर टाकतो. कॅल्शियम असतं त्या काट्यात. हे सगळे मासे एकाच काट्यावर तोलणं म्हणजे मेथी आणि बटाटा एकत्र मोजून ‘भाजी भरपूर खाल्ली’ म्हणण्यासारखं आहे.

हे फार आधी ओळखलं शकुंतला हरकसिंग थिलस्टेड यांनी. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या या भारतीय वंशाच्या पोषणतज्ज्ञ १९८०च्या दशकाच्या अखेरीस बांगलादेशात कुपोषित मुलांसाठी काम करत होत्या. बारक्या माशांनी अंगात ताकद येते, नजर चांगली राहते, असं खेड्यातल्या बायका त्यांना सांगत. त्यांनी ते ऐकून सोडून दिलं नाही, प्रयोगशाळेत तपासलं. मोलामध्ये अ जीवनसत्त्व विपुल निघालं, तेही मुख्यतः डोळ्यांत आणि पोटात, म्हणजे आपण साफ करताना फेकतो त्या भागात.

तेव्हा तळ्यात माशांची पिल्लं सोडण्यापूर्वी असे ‘निरुपयोगी’ मासे विष घालून मारत. मोला राहिला तरी रोहू-कटल्याचं उत्पन्न घटत नाही, हे थिलस्टेड यांनी दाखवून दिलं. २०२१मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या बायकांचं श्रेयही तितकंच मोठं आहे.

मात्र मोला म्हणजे रामबाण नव्हे. त्यातलं अ जीवनसत्त्व बहुतांशी कमी परिणामकारक रूपात असतं. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नियमित मोला खाणाऱ्या मुलांची अ जीवनसत्त्वाची स्थिती सुधारलेली दिसली नाही. कॅल्शियमची बाजू मात्र भक्कम आहे: काट्यासकट खाल्लेल्या अशा माशांतलं कॅल्शियम दुधातल्याइतकंच शोषलं जातं, हे १९९८च्या प्रयोगात दिसलं.

शिवाय रोहूचे तुकडे मोजके, ते आधी कर्त्या पुरुषांच्या ताटात जातात. बारक्या माशांचं कालवण डावाने सगळ्यांना वाढता येतं.

आपल्याकडे जवळा आहे, सुकट आहे, काट्यासकट खाता येणारी तळलेली मांदेली आहे. देशावरच्या आठवडी बाजारातही सुकट मिळते. पापलेट-सुरमईच्या तुलनेत हे मासे स्वस्त आहेत, म्हणून ते कमी दर्जाचे ठरत नाहीत. पाहणी करणाऱ्यांनी किलोबरोबर कोणता मासा, कसा आणि कोणी खाल्ला हेही विचारलं पाहिजे. तुम्ही मासे खात असाल, तर या आठवड्यात बारके मासे जरूर आणा आणि घरातल्या मुलाबाळांना, बायकांना आधी वाढा.