पिकअपचे शॉकअप अंगणात बदलताना



नारायणगावच्या बाजारात टोमॅटो नेणाऱ्या एका गटातून फोन आला होता. गटाची जुनी पिकअप आहे. 20 किलोचे क्रेट रचून गाडी जाते, आणि हल्ली खालच्या क्रेटमधला माल चेंबलेला निघतो, त्याला भाव मिळत नाही. गाडी चालवणारा दादा म्हणतो, मागे एक पाटा वाढवून घ्या. गटाचा प्रश्न असा, की पाटा वाढवायचा की शॉकअप बदलायचे? आणि बदलायचे तर ते आपल्याला घरच्या घरी जमेल का?

आधी दोघांची कामं वेगळी करू. गाडीचं आणि मालाचं ओझं पेलतात ते पाटे. खड्डा आला की पाटा दबतो आणि परत उसळतो. नुसता पाटा असेल तर झोका दिल्यावर झोपाळा हलत राहतो तशी गाडी वरखाली होत राहील. ते हलणं थांबवायचं काम शॉकअपचं. कागदोपत्री त्याचं नाव शॉक अब्सॉर्बर. ही तेलाने भरलेली नळी असते. आत दट्ट्या असतो आणि त्याला बारीक भोकं व झडपा असतात. गुऱ्हाळावरच्या काकवीत डाव हळू फिरवला तर फिरतो, जोरात ओढला तर हात अडतो, अगदी तसंच. चाक जेवढं जोरात उसळेल तेवढं तेल जास्त अडवतं. उसळीचा जोर तेल तापण्यात जिरतो.

म्हणजे शॉकअप गेल्यावर पाटा वाढवला तर गाडी आणखी ताठ होईल. ओझ्याने ती बसलेली दिसणार नाही, पण अर्धी भरलेली असताना क्रेट जास्तच आदळतील. पाटा तुटला असेल, गाडी एका बाजूला झुकत असेल, तर तो पाट्याचा दोष. स्पीडब्रेकर ओलांडल्यावरही मागची बाजू डुलत राहते, हा शॉकअपचा.

माल चेंबतो हे एक. त्याहून वाईट म्हणजे उसळणारं चाक रस्त्याला नीट धरून राहत नाही, म्हणून ब्रेक मारल्यावर गाडी जास्त लांब जाऊन थांबते आणि वळणावर मागून ओढली जाते. मालगाडीच्या हौद्यात माणसं बसवायची नाहीत हा कायदा आहे. तरी मजुरीला जाताना बायका मागे उभ्या राहतात, हे तुम्हाला आणि मला दोघींनाही माहीत आहे. शॉकअप गेलेल्या गाडीत तरी ते करू नका.

शॉकअप गेले हे ओळखायचं कसं? मोटारगाडीचा कोपरा दाबून बघतात तसं पिकअपला चालत नाही, रिकाम्या पिकअपचे पाटे आपल्या वजनाने दबतच नाहीत. खाली वाकून बघा. नळीवर तेल ओघळून त्यावर मातीचा थर बसलाय का? टायरवर हात फिरवा, ठिकठिकाणी खळगे पडल्यासारखी झीज आहे का? आणखी एक सोपी खूण आहे. खराब रस्त्यावरून गाडी आली की लगेच मागच्या दोन्ही शॉकअपना हाताची पाठ लावून बघा. काम करणारा कोमट लागतो, निकामी झालेला गारच राहतो. सायलेन्सर मात्र टाळा, तो भाजेल.

एक गेला असला तरी दोन्ही बाजूंचे जोडीने बदला. नवे घेताना गाडीचं मॉडेल आणि साल सांगा आणि जुन्याच्या शेजारी धरून लांबी व टोकं ताडून पाहा. रबरी बुश आणि वायसर नवेच घ्या.

आता, कोणतं काम घरी करायचं आणि कोणतं नाही. ज्या गाडीला मागे पाटे आहेत आणि शॉकअप वेगळा बसवलेला आहे, तिथलं काम दोघी-तिघींना जमतं. पुढच्या बाजूला शॉकअपभोवती गोल स्प्रिंग गुंडाळलेली असेल तर त्याला हात लावू नका. ती दाबलेली असते, सुटली तर जीव घेऊ शकते. ते गॅरेजचंच काम.

आदल्या दिवशी नटांवरची माती तारेच्या ब्रशने काढा आणि गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. सकाळी पुन्हा सोडा. अर्धी मेहनत इथेच वाचते. काम करताना साडीऐवजी अंगासरशी सलवार-कमीज किंवा शर्ट-पँट घाला. बांगड्या काढा, काढायच्या नसतील तर वर सारून फडक्याची पट्टी बांधा. डोळ्यांना चष्मा हवाच, खाली झोपलं की गंजाचा चुरा थेट डोळ्यात पडतो.

गाडी रिकामी करून सपाट, टणक जागेवर लावा. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. पिकअप उंच असते, त्यामुळे पुष्कळदा चाकं जमिनीवर ठेवूनच मागचा शॉकअप निघतो. तसं होत असेल तर जॅक लावूच नका. जागा कमीच पडली तर गाडी उचलून मागच्या अ‍ॅक्सलखाली दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड द्या. चासीखाली दिले तर शॉकअप काढताच अ‍ॅक्सल खाली लोंबतो आणि ब्रेकच्या नळीला ताण बसतो. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. विटा रचून तर मुळीच नाही, वीट फुटताना आधी सांगत नाही.

एका वेळी एकच बाजू सोडा. दुसरी तशीच राहिली की कुठला वायसर कुठे होता हे बघायला नमुना समोर असतो. आधी खालचा नट, मग वरचा. वरच्या टोकाला उभा दांडा असेल तर नटाबरोबर दांडाही फिरतो. तेव्हा दांड्याच्या चपट्या टोकाला दुसरा पाना लावून धरा. खालची चकचकीत दांडी पकडीने धरू नका. नव्याला तर कधीच नाही, ओरखडा पडला की सील फाटून तेल गळायला लागतं.

नवा शॉकअप बसवण्याआधी गाडीवर असतो तसा उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि ओढा. आडवा पडून राहिल्याने आत शिरलेली हवा निघते आणि दाब सारखा लागायला लागतो. गॅस भरलेला असेल तर तो पट्टीने बांधलेला येतो आणि सोडला की आपोआप लांब होतो, म्हणून एक टोक बसवल्याशिवाय पट्टी कापू नका.

टोकाला गोल कडी आणि त्यात रबरी बुश असेल तर बोल्ट आधी सैलच ठेवा. स्टँड दिले असतील तर गाडी खाली उतरवा, चाकांवर वजन येऊ द्या आणि मगच आवळा. हवेत असताना आवळला तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. कित्येक मेकॅनिकही याकडे लक्ष देत नाहीत. उभ्या दांड्याचा नट मात्र रबर फुगून वायसरच्या कडेपर्यंत येईल इतपतच आवळायचा. गाडीच्या पुस्तकात आवळण्याचं माप दिलेलं असतं, टॉर्क पाना मिळाला तर तेवढंच धरा.

नंतर गाडी हळू एका स्पीडब्रेकरवरून न्या. खडखड ऐकू आली तर बुश नीट बसलेला नाही, परत बघा. दोन-तीन दिवस गाडी चालवली की सगळे नट एकदा तपासून घ्या.

आणि चालकदादांना एक सांगून ठेवा. शॉकअप नवे आले म्हणून गाडीची वजन उचलायची ताकद वाढलेली नाही. आरसी पुस्तकात लिहिलं आहे तेवढाच माल भरायचा.

जुने शॉकअप भंगारवाल्याला द्या. चुलीत किंवा आगीत टाकू नका, आतला दाब वाढून ते फुटू शकतात. आतलं तेल काढायला नळीला भोकही पाडू नका.